काबरीच्या पंखाखालचं बदक

बदकाच्या जन्माला येऊन पाण्याला पाठ दाखवणारा प्राणी मथुराबाईनं आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही तिनं स्वतःच्या हातानं वाढवलेला. त्यामुळे रोज सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून ती जे काही बोलायची, ते अर्धं त्याला असायचं आणि अर्धं स्वतःच्या कपाळाला.

"अरे, शिर नं पाण्यात! तुह्यासाठी खोदलं हे तळं. आता काय मी पोहून दाखवू तुले?"

लंब्या शिरायचा नाही. चोच जरा जास्तच लांब म्हणून त्याचं नाव लंब्या. तो काठावरच्या मातीत पोट टेकून बसायचा आणि कुंपणापलीकडे उकिरडा उकरणाऱ्या एका कोंबडीकडे एकटक बघत राहायचा. मागे तळ्यात त्याच्यासाठी विमानानं आणलेली मादी एकटीच गोल गोल फिरत असायची. मथुराबाई त्या दोघांकडे बघायची, कपाळावर हात मारायची आणि बादली उचलून पुढच्या कामाला लागायची.

हे पक्षीकेंद्र तेलंगणात, आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या बाजूला, हायवे सोडून दीड किलोमीटर आत, कपाशीच्या शेतांच्या मधोमध आहे. हैदराबादच्या एका हौशी मालकानं सगळे परवाने काढून ते उभं केलं. मथुराबाई तिथं आधी गवत कापायला लागली, मग पक्ष्यांचं दाणापाणी तिच्याकडे आलं. त्यापूर्वी ती आणि तिचा नवरा मारोतराव बांधावर वांगी-मेथी लावून बाजारात विकायचे. पण गावात तिचं नाव होतं ते भाजीसाठी नव्हे, कोंबड्या बसवण्यासाठी. कोणाची कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसू पाहू लागली, की मथुराबाईला बोलावणं यायचं. टोपल्यात राख, राखेवर भुसा, भुशात कडुनिंबाचा पाला, एका कडेला कोळसा आणि लोखंडी खिळा, म्हणजे ढग गडगडले तरी अंडी बाद होत नाहीत. अंडी मोजून विषम. एकदा बसलेली कोंबडी उठवायची नाही. आणि बसवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. हा शेवटचा नियम तिला सगळ्यात जड जायचा, कारण एरवी जागेपणी तिचं तोंड कधी मिटत नसे. तरी अकरा अंड्यांखाली अकरा पिल्लं निघायची, हे सारं गाव शपथेवर सांगेल.

केंद्रात मोर, पोपट असले पक्षी आधीपासून होते. त्यांत एका हिवाळ्यात परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयानं बदकांच्या दोन जोड्या पाठवल्या. मेलरचं बदक म्हणतात त्यांना. मूळची मादागास्करची. तिथं शिकारीनं आणि पाणथळ जागा बुजल्यानं त्यांचे दिवस भरत आलेत, म्हणून दूरदूरच्या देशांत त्यांना पाळून, वाढवून जपतात. केंद्राचा व्यवस्थापक भूषण ह्यानं ही माहिती पाठ केली होती आणि तो ती येईल त्याला ऐकवायचा. ऐकणारा मोठ्या आशेनं तळ्याकडे बघायचा, तर पाण्यात चार तपकिरी बदकं. ना तुरा, ना रंग. नर कोणता, मादी कोणती तेही कळू नये.

"एवढ्या लांबून आणलं ते हे?" मारोतराव म्हणाला होता. "असे तं आपल्या तलावावर फुकटात येतात वं."

पहिल्याच मे महिन्यात पारा शेहेचाळीसला टेकला आणि आठवड्याभरात चारही बदकं गेली. मागे राहिली ती एका मादीनं घातलेली सहा अंडी. ती अंडी उबवायच्या मशीनमध्ये होती. मशीन नवं, काचेचं, आत लाल दिव्यांत आकडे दाखवणारं. भूषण त्याला रोज पुसून काढायचा.

अंडी मशीनमध्ये ठेवल्याच्या विसाव्या दिवशी दुपारी वादळ आलं आणि तारा तुटल्या. जनरेटर खोकला आणि बसला. भूषण मोटारसायकल काढून आदिलाबादला मेकॅनिक शोधायला गेला. मथुराबाई एकटी मशीनसमोर उभी राहिली. काचेला हात लावला तर काच थंड. तिनं भूषणला दोन फोन केले, ते लागले नाहीत. मग तिनं मशीनला एक शिवी दिली, झाकण उघडलं आणि वादळानंतर पडलेल्या उन्हात एकेक अंडं मुठीच्या नळीत धरून पाहिलं. पाच निकामी होती. सहाव्यात काहीतरी हललं.

तिच्या घरी, केंद्राच्या कुंपणाला लागूनच्या खोपटात, काबरी नावाची ठिपक्यांची कोंबडी तेरा दिवसांपासून सात अंड्यांवर बसलेली होती. मथुराबाईनं मनातल्या मनात हिशोब केला. कोंबडीला एकवीस दिवस, बदकाला अठ्ठावीस. म्हणजे दोघांनाही आठच दिवस उरले. तिनं ते अंडं पदरात गुंडाळून घरी नेलं, काबरीखाली सरकवलं, आणि टोपल्यातली संख्या विषम राहावी म्हणून काबरीचं एक निकामी अंडं आणून मशीनमध्ये ठेवलं. भूषणला अंड्यात अंडं ओळखू येत नाही, ही तिची खात्री होती आणि ती खरी निघाली.

संध्याकाळी वीज आली. अंडं परत नेता आलं असतं. पण बसलेली कोंबडी उठवायची नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. रोज ती त्या एका अंड्यावर बोटांनी पाणी शिंपडायची आणि बाहेर सगळ्यांना सांगायची की मशीन मस्त चालून राह्यलं. नवव्या दिवशी सकाळी ओलं, तपकिरी, लांब चोचीचं पिल्लू तिनं ओंजळीतून आणलं, मशीनमध्ये ठेवलं, तिथलं कोंबडीचं अंडं कमरेला खोचलं आणि भूषणला हाक मारली.

भूषण नाचला. मालकाला फोटो गेले. मशीन विकणाऱ्याचा माणूस आला आणि त्यानंही फोटो काढले. दसऱ्याला त्या मशीनला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, आणि नारळ फोडायचा मान, आता ह्याला काय म्हणावं, मथुराबाईला दिला. मेहनत कोंबडीची, हार डब्याला. तिनं नारळ असा आपटला की पाणी भूषणच्या शर्टावर उडालं.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर पुढचा सगळा ताप वाचला असता. पण भूषणच्या तोंडावरचा आनंद, मालकाची शाबासकी, आणि 'तू कोणाला विचारून अंडं उचललंस' हा प्रश्न, ह्या तिन्हींना ती भ्याली.

पिल्लाला एकटं पेटीत ठेवायचं, आपल्या जातीचं तोंड दिसावं म्हणून समोर आरसा लावायचा, असं कागदावर लिहिलेलं होतं. पिल्लू पेटीत असं केकाटायचं की ऐकवेना. भूषणला ऊन दाखवायचं कारण सांगून मथुराबाई त्याला सकाळी घरी न्यायची आणि संध्याकाळी आणून ठेवायची. दिवसभर ते काबरीच्या मागे. डबक्यात उतरलं की काबरी काठावर थयथयाट करायची, की मेलं, मेलं माझं पोर! पिल्लू घाबरून बाहेर यायचं. असं रोज झाल्यावर कोण पाण्यात जाईल?

तर लंब्या असा वाढला. दोन वर्षांनी परदेशातून त्याच्यासाठी मादी आली. तिच्यासोबतच डॉ. अर्पिता आली. अकोल्याकडची, पक्ष्यांची डॉक्टर, तिशीच्या आतली, शांत बोलणारी. अट तिनंच सगळ्यांना वाचून दाखवली. संक्रांतीपर्यंत ह्या जोडीनं घरटं केलं नाही, तर दोन्ही पक्षी जिथून आले तिथं परत जातील.

"दोघंही?" मथुराबाईनं विचारलं.

"दोघंही, मावशी. ती अंडी त्यांच्याच जोडीची होती. लंब्यावरही हक्क त्यांचाच."

घरी जाऊन मथुराबाईनं मारोतरावाला दोन तास ऐकवलं.

मादीला ती सूनबाई म्हणू लागली. सूनबाई गुणी होती. नेमानं पोहायची, पंख साफ ठेवायची, लंब्याच्या जवळ जाऊन मान झुकवायची. लंब्या उठून कुंपणाकडे चालू लागायचा. काबरी पलीकडून गेली की ह्याची मान वरखाली, वरखाली सुरू. काबरी जाळीतून चोच घालून त्याच्या डोक्यावर टोचायची, तरी हा खूश. मथुराबाईच्या आवाजाला धावत यायचा, तिच्या पायाशी बसायचा, पदर ओढायचा. बायको मागे उभी आणि हा आईच्या मागे मागे. असली ध्यानं तिनं माणसांत बरीच पाहिली होती. बदकात हे पहिलंच.

"काऊन बे? काय कमी हाये तिच्यात?" ती त्याला विचारायची. "विलायतेहून आली तुह्यासाठी. अन् तू त्या उकिरडा उकरणारीकडं पाहून राह्यला!"

अर्पितानं औषधं दिली, खाणं बदललं, तळ्याकाठी गवत लावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिनं मथुराबाईला तीन वेळा विचारलं, "मावशी, हा लहानपणी कोणाजवळ वाढला?" तिन्ही वेळा मथुराबाईनं सांगितलं, "मशीनमंदी. मंग पेटीत." वहीतही भूषणनं तेच लिहिलेलं होतं. घोडं कुठं पेंड खातंय हे मथुराबाईला पुरतं कळत होतं, आणि म्हणूनच ती त्या बदकावर दिवसेंदिवस जास्त ओरडत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती भिजवलेल्या धान्याची बादली घेऊन ऑफिसवरून जात होती. अर्पिता दारातच लॅपटॉप घेऊन बसली होती.

"काय लिवून राह्यल्या म्याडम?"

"रिपोर्ट, मावशी. लंब्या निरोगी आहे, त्याच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. म्हणजे दोष मादीत असावा. ती वांझ असेल. तसं कळवते आहे, ते लोक ठरवतील तिचं काय करायचं."

मथुराबाईनं बादली खाली ठेवली.

लग्नानंतर अकरा वर्षं तिची कूस उजवली नव्हती. अकरा वर्षं सासूनं तिच्या दंडाला गंडे बांधले, पाला वाटून पाजला, डोहाळजेवणांतून तिला उठवलं. बारशाला गेली तर बाया बाळ पदराखाली घ्यायच्या. मारोतरावाला मात्र एकदाही कोणी 'तुम्ही चला दाखवायला' म्हटलं नाही. शेवटी आदिलाबादच्या एका डॉक्टरीणबाईनं म्हटलं. त्यानं चार महिने गोळ्या खाल्ल्या आणि उत्कर्षा झाली. सासूनं ते श्रेय गंड्यालाच दिलं. मथुराबाई त्या गोष्टीला आता हसायची. त्या दुपारी मात्र ती सगळी अकरा वर्षं वर आली.

"पुसा थे लिवलेलं," ती म्हणाली.

"मावशी?"

"पुसा म्हणतो ना! तिच्यात काई दोष नाई. दोष पोट्ट्यात हाये. अन् खरं पायलं तं पोट्ट्यातबी नाई, माह्यात हाये."

आणि तिनं सगळं सांगितलं. तुटलेल्या तारा, मुठीच्या नळीत हललेलं अंडं, काबरी, टोपल्यातला खिळा, मशीनमध्ये ठेवलेलं कोंबडीचं अंडं. अर्पिता ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

"आणि पेटीतला आरसा?"

"थो घरी नेला होता. उत्कर्षाच्या लग्नात लागला."

"मी तीन वेळा विचारलं तुम्हाला!" अर्पिताचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तीन महिने मी त्या बिचारीला सुया टोचते आहे!"

"तिनदा खोटं सांगतलं म्या. आता चौथ्यांदा इचारा."

अर्पितानं डोकं धरलं. मग तिनं तळ्याकडे पाहिलं. लंब्या जाळीला चिकटून बसला होता आणि पलीकडे काबरी धुळीत लोळत होती. अर्पिताला हसू आलं आणि ते तिनं दाबलं.

"त्याला वाटतं तो कोंबडी आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसांत जे तोंड दिसतं, तीच त्याची जात. मावशी, तुम्ही त्याला वाचवलंत. तुम्ही नसतात तर तो अंड्यातच मेला असता. पण त्याला बदक करायचं राहून गेलं."

"मंग आता करा ना."

"प्रयत्न करू. जमेलच असं नाही. काबरीला इथून लांब पाठवावं लागेल."

"बरं."

"आणि तुम्हालाही त्याच्यापासून लांब राहावं लागेल. तो तुमच्या आवाजाला येतो. दाणापाणी बांबूच्या तट्ट्याच्या आडून टाकायचं. आत जावंच लागलं तर अंगभर घोंगडं घ्यायचं, तोंड झाकायचं. आणि बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

"किती दिवस?"

"तो इथं आहे तोवर. कायमचं, मावशी."

मथुराबाई हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. दोन वर्षं ती देवाकडे मागत होती, की ह्या बदकाच्या कटकटीतून सोडव. देवानं ऐकलं होतं.

काबरीला मारोतराव वांकिडीला घेऊन गेला. तिथं मथुराबाईची धाकटी बहीण रुख्मिणी असते. पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेल्या कोंबडीचं तिकीट काढायचं की नाही, ह्यावर कंडक्टरनं त्याच्याशी तेलुगूत वाद घातला. घरी आल्यावर मारोतराव ते सांगत बसला, पण मथुराबाईचं लक्ष नव्हतं. कुंपणापलीकडून लंब्याचा आवाज येत होता. तो जाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता.

तीन दिवस त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही. मथुराबाई बांबूच्या तट्ट्यामागे बसून फटीतून बघायची. शब्द ओठांवर यायचे. खाय ना बे मुडद्या, चार दाणे खाय! ती पदराचा बोळा तोंडात धरायची. अर्पिता शेजारी असायची. ती मान हलवून नाही म्हणायची, आणि मथुराबाईला त्या पोरीचा असा राग यायचा की तळ्यात ढकलून द्यावी.

भूषणचा ताप वेगळाच. "मथुराबाई, मालकाले नोका सांगू," तो विनवू लागला. "मशीनचा फोटो हापिसात लावला हाये." पण अर्पितानं वहीत खरं तेच लिहिलं: देशी कोंबडीखाली उबवला. मालकानं वाचलं की नाही कोण जाणे. फोटो हारासकट भिंतीवर आहे तसाच राहिला.

दिवसभर न बोललेलं सगळं मथुराबाई संध्याकाळी घरी बोलायची. मारोतराव भाजीला पाणी द्यायला म्हणून उठायचा तर ही मागोमाग वाफ्यात.

"अवं, त्याले बोलायची बंदी हाये, मले ऐकायची तं नाई ना लावली कोणी," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"तुमी चूप बसा. तुमच्यापायीच अकरा वर्षं ऐकलं म्या."

मारोतरावानं खाली वाकून वाफ्याचं पाणी वळवलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. लंब्या खायला लागला, पण काठावरच. सूनबाईनं नाद सोडला नाही. ती पाण्यातून यायची, त्याच्यापासून चार हातांवर बसायची आणि पंख साफ करत राहायची. मग तीन हातांवर. कार्तिकाच्या शेवटी एका सकाळी मथुराबाई फटीला डोळा लावून बसली असताना सूनबाई पाण्यात उतरली आणि लंब्या उठून तिच्या मागोमाग उतरला. काठावर थयथयाट करायला कोणी नव्हतं. तो पोहला. वेडावाकडा, घाईनं, पण तळ्याच्या पार पलीकडे गेला. मथुराबाईनं शेजारी बसलेल्या अर्पिताचा हात असा दाबला की तिच्या दोन बांगड्या वाढवल्या.

मार्गशीर्षात गवताच्या दाट कोपऱ्यात नऊ अंडी दिसली. अर्पितानं परदेशी पत्र पाठवलं आणि जोडी राहणार हे पक्कं झालं. भूषण म्हणाला, अंडी मशीनमध्ये ठेवू. अर्पिता आणि मथुराबाई दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच मिटला. सूनबाई बसली. लंब्या पाण्यात तिच्यासमोर पहारा देत फिरू लागला. संक्रांतीच्या आठवड्यात सात पिल्लं एका ओळीत तळ्यात उतरली.

आता खरं म्हणजे मथुराबाईनं सुखानं तिळगूळ खायचा. पण भोगीच्या सकाळी ती तट्ट्याआडून दाणा टाकत होती, तेव्हा एक पिल्लू भटकत आलं आणि तट्ट्याच्या दोन बांबूंत अडकलं. केकाटू लागलं. तसंच, अगदी तसंच, पेटीतल्यासारखं. तिनं घोंगडं ओढून घेतलं, आत गेली, वाकली, बांबू फाकवून पिल्लू सोडवलं आणि पाण्याच्या दिशेला ठेवलं.

लंब्या आला. पंख पसरून, मान जमिनीसरशी लांब करून, फुसफुसत. ती पायावर उठायच्या आत त्यानं तिच्या नडगीला चोचीनं धरलं आणि पिळलं. त्याच लांब चोचीनं, जिच्यात तिनं बोटानं भाकरीचा कुस्करा घातला होता. तिच्या तोंडाशी 'अरे मी हाये ना बे' आलं होतं. ते तिनं गिळलं. कोंबडी बसवताना गप्प राहायची, तशी ती गप्प राहिली. लंब्यानं तिला दारापर्यंत हाकलत नेलं, मग वळून पिल्लांकडे गेला.

अर्पितानं तळ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात पाहिलं होतं. ती धावत आली. मथुराबाई बाहेर दगडावर बसली होती. लुगडं वर सरकवलेलं, नडगीवर काळानिळा डाग, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"खूप लागलं का, मावशी?"

"लागलं ना वं माय. चांगलंच लागलं." तिनं घोंगड्यानं नाक पुसलं. "वळखलं नाई त्यानं मले."

अर्पिता तिच्याजवळ खाली बसली. "म्हणजे जमलं आपल्याला," ती हळूच म्हणाली.

"जमलं तं जमलं," मथुराबाई खेकसली. "त्याच्यासाठी एवढं जोरात चावायले पायजे होतं काय?"

घरी मारोतरावानं डाग पाहिला, काही न विचारता वाटीत हळद आणि तेल कालवलं आणि लावायला खाली बसला. मथुराबाईनं पाय मागे घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "राहू द्या दोन दिवस तसंच. दिसू द्या."